सिलिकॉनची चकाकी

नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी जेथें पोहोंचतें, तेथें बारामती-इंदापूरचा ऊस डोलतो. कालव्यापासून दूरच्या जिराईत टापूंत मात्र आभाळाकडे डोळे लावून बसावें लागतें. त्याच टापूंत, बारामती तालुक्यांतील शिर्सुफळ गांवीं, महानिर्मिती कंपनीनें एकंदर ५० मेगावॉट क्षमतेचीं सौरपटलें मांडलीं आहेत. पावसानें पाठ फिरविली तरी तेथें ऊन उदार असतें. परंतु पडलेलें सारें ऊन पदरीं पडतें काय?

१९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत चॅपिन, फुलर व पिअर्सन ह्या त्रयीनें सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट लोकांपुढें ठेविला, तेव्हां सूर्यशक्तीच्या शेंकडा सुमारें सहा भागांचीच वीज होई. ह्या तुटीचीं कारणें अनेक. त्यांतील एक अगदीं वरवरचें, म्हणजे शब्दशः पृष्ठभागावरचें होतें. गुळगुळीत सिलिकॉन अंगावर आलेल्या प्रकाशाचा सुमारें एक-तृतीयांश भाग माघारीं धाडतें. हिऱ्याच्या ज्या गुणाचें कौतुक होतें, तोच येथें दुर्गुण ठरला.

मग त्या पृष्ठभागास क्षारद्रावणानें खोदून त्यावर सूक्ष्म मनोरे उठविले गेले. एका उतारावरून निसटलेला किरण शेजारच्या उतारावर आदळतो व आंत शिरण्याची दुसरी संधि त्यास मिळते. अशा मनोऱ्यांचा जवळजवळ काळा दिसणारा घट १९७४ सालीं पुढें आला.

ह्याहूनही बारीक युक्ति पतंगाच्या डोळ्यांत आहे. माध्यम एकदम न बदलतां हळूहळू बदललें तर परावर्तन घटतें, हें लॉर्ड रॅले ह्यांनीं १८८० च्या सुमारास गणितानें दाखविलें होतें. पतंगाच्या डोळ्यावरील अतिसूक्ष्म उंचवटे नेमकें हेंच साधतात. सिलिकॉनवर कांहीं शें नॅनोमीटरांचे सुळके उठविले कीं तें काजळासारखें काळें होतें. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग.) पण येथें निसर्गानें दुसरी वसुली केली. सुळक्यांमुळें पृष्ठभाग वाढला, आणि तेथील अपुऱ्या बंधांत विद्युत्कण अडकून नाहींसे होऊं लागले. ऊन आंत आलें, वीज मात्र गळाली! २०१५ सालीं फिनलंड व स्पेनमधील संशोधकांनीं त्यावर अॅल्युमिनाचा पातळ लेप देऊन ही गळती रोखली व शेंकडा २२ पर्यंत मजल मारली.

दुसरा मार्ग धातुकणांचा. सोन्याचे सूक्ष्म कण पाण्यास माणकाचा रंग देतात, हें फॅरडे ह्यांनीं १८५७ सालीं अभ्यासिलें. १९०८ सालीं मी नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें त्याचें गणित मांडलें. अशा कणांतील इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकतालांत डोलतात व प्रकाश तिरपा पसरवितात. पातळ सिलिकॉनला हा तिरपा, लांबचा प्रवास मानवतो. तथापि धातु स्वतःही थोडा प्रकाश गिळतो, आणि ह्या हिशेबांत कल्पना अद्याप बहुतांशीं प्रयोगशाळेंतच अडकली आहे. बाजारांतील बहुतेक पटलें मनोरे व सिलिकॉन नायट्राइडचा निळसर लेप ह्यांवरच भागवितात.

ह्या साऱ्या कारागिरीवर जिराईत रानाची धूळ येऊन बसते ती निराळीच. ती धुण्यास बहुधा पाणीच लागतें.