प्रमुख धर्मगुरू आणि सहायक धर्मगुरू

आपण ज्यांना ‘असिस्टंट फादर’ म्हणतो ते प्रमुख धर्मगुरूंचे केवळ मदतनीस नव्हेत. कॅनन लॉच्या (१९८३) कलम ५४५ नुसार ते पाळकीय सेवेतील सहकारी होत. तथापि धर्मग्रामाचे उत्तरदायित्व प्रमुखांचेच. हा भेद विवाहप्रसंगी विशेष महत्त्वाचा ठरतो. सहायकांना निव्वळ पदामुळे विवाह लावण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. तो बिशपांनी वा प्रमुख धर्मगुरूंनी द्यावा लागतो, आणि सर्वसाधारण स्वरूपात दिल्यास लेखी. अन्यथा विवाहाच्या वैधतेलाच बाधा येऊ शकते. तारीख ठरवतानाच याची विचारणा करावी, असे आम्ही आग्रहाने सुचवतो.

कलम ५१७ अन्वये एकाहून अधिक धर्मगुरूंवर संयुक्त जबाबदारीही सोपवता येते. मात्र तेथेही त्यांच्यापैकी एक जण समन्वयक म्हणून बिशपांना उत्तरदायी असतो.