श्वेत मुलामा आणि त्याची नावे

‘मुलामा’ हा शब्द मूळचा अरबी. ‘चकाकविलेला’ हा त्याचा अर्थ. मराठीत मात्र हलक्या धातूवर चढविलेले मोलाचे आवरण आणि त्याखाली झाकलेले काहीतरी, असा दुहेरी भाव त्यास चिकटला. प्लॅटिनम-वर्गीय धातूंच्या विद्युत्-विलेपनाच्या बाबतीत हा भाव लागू पडत नाही. येथे पुष्कळदा आवरणाखाली सोनेच असते.

या वर्गाच्या वाट्यास आरंभी अवहेलनाच आली. न्यू ग्रॅनाडा प्रांतात सोन्याच्या रेतीत सापडणाऱ्या पांढऱ्या कणांना स्पॅनिश लोकांनी ‘प्लातिना’ म्हटले. ‘प्लाता’ म्हणजे चांदी. तिचे हे लघुत्वदर्शक रूप, आणि त्यात तुच्छताही आहेच. पुढे १८०४ मध्ये विल्यम हाइड वोलॅस्टन याने अम्लराजात विरघळविलेल्या याच खनिजातून एक नवा धातू वेगळा केला व क्षारांच्या गुलाबी रंगावरून, ग्रीक ‘ऱ्होदोन’ या गुलाबवाचक शब्दाच्या आधारे, त्यास ‘ऱ्होडियम’ हे नाव दिले.

विलेपनाची कलाही याच काळातील. १८०५ मध्ये पाविया येथील ब्रुग्नातेल्ली याने व्होल्टाच्या विद्युत्-घटमालेने चांदीच्या पदकांवर सोने चढविले. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनांनी सायनाइडयुक्त द्रावणाचे एकस्व घेतले. सोने-चांदी वश झाली, प्लॅटिनम झाले नाही. चांदीच्या विलेपनात धनाग्र चांदीचाच असतो. तो विरघळत जातो आणि द्रावणाची तूट आपोआप भरून निघते. प्लॅटिनमचा धनाग्र विरघळतच नाही! ज्या अविकारीपणामुळे हा धातू मोलाचा, तोच गुण कारागिराच्या आड आला. धातू क्षाररूपाने पुनःपुन्हा घालावा लागे, आणि त्यासरशी द्रावणात अनिष्ट अवशेष साठत. ऱ्होडियमलाही ही अडचण चुकली नाही. तथापि १९३० नंतरच्या दशकात त्याचे विलेपन व्यापारी प्रमाणावर रुळले, आणि गुलाबाचे नाव धारण करणारा धातू दागिन्यांच्या शुभ्रतेसाठी वापरात आला.

महाराष्ट्रातील सराफी पेढ्यांवर यासच ‘रोडियम पॉलिश’ म्हणतात. पॉलिश म्हणजे असलेला पृष्ठभाग घासून उजळणे. येथे तर नवा थर चढतो, तोही बहुधा मिलिमीटरच्या सहस्रांशाहून पातळ. अंगठीच्या तळव्याकडील बाजूस तो प्रथम झिजतो, खालच्या पांढऱ्या सोन्याची पिवळसर झाक उघडी पडते, आणि गिऱ्हाईक सोन्याच्या कसाविषयीच शंका घेते. वास्तविक दोष सोन्यात नसून शब्दात आहे. ‘मुलामा’ म्हटले असते, तर तो झिजणारच हे कोणासही सांगावे लागले नसते. परंतु त्या शब्दास येणारा फसवणुकीचा वास सराफास परवडणारा नाही.