खुंट्यांचा तास

एक लाकडी फळी. तिला शंभर भोकं. शेजारी रंगीत खुंट्यांचा डबा. एकेक खुंटी उचलायची, भोकात बसवायची. सगळ्या बसल्या की काढायच्या, डब्यात भरायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या विशेष शिक्षकांमध्ये एक पानभराचा लेख हातोहात फिरत होता. बौद्धिक अपंगत्व असलेल्या अठरा वर्षांच्या तरुणाबद्दल त्याच्या भावाने लिहिलेला. बारा वर्षं हा मुलगा शाळेत गेला. आता तो शंभर खुंट्या दहा मिनिटांच्या आत बसवतो, तेही ९५ टक्के अचूक. पण मशीनमध्ये नाणं टाकून काही विकत घेणं त्याला जमत नाही. सांगितलं की नाकाला बोट लावतो, पण नाक शिंकरता येत नाही. ठोकळे रंगांप्रमाणे वेगळे करतो, धुण्यातले पांढरे आणि रंगीत कपडे मात्र वेगळे करता येत नाहीत.

ही एखाद्या वाईट शाळेची गोष्ट असती तर विषय तिथेच संपला असता. पण या मुलाकडे शाळेने लक्ष दिलं होतं, एकेकट्याला बसवून शिकवलं होतं, प्रगतीच्या नोंदी ठेवल्या होत्या. अठरा वर्षांच्या माणसाच्या हातात खुंट्या कुणी दिल्या, याचं उत्तर दुष्टपणात सापडत नाही. ते सापडतं एका आकड्यात. त्याचं नाव ‘मानसिक वय’.

बुद्धीच्या चाचण्यांमधून निघालेला हा आकडा आधी शाळेचं दार बंद करायला वापरला गेला. पहिलीच्या वयाला येऊनही ज्या मुलाचं मानसिक वय पाचापर्यंत पोचलेलं नाही, त्याला शाळा नाकारू शकते, असं पेनसिल्वेनिया राज्याचा कायदा सांगत होता. अशा मुलांच्या पालकांच्या संघटनेने जानेवारी १९७१ मध्ये राज्याला कोर्टात खेचलं. वकील होते थॉमस गिलहूल. त्यांचा स्वतःचा भाऊ पेनहर्स्ट या कुप्रसिद्ध सरकारी संस्थेत राहिलेला होता. साक्षी ऐकल्यावर राज्याने फार ताणलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली आणि प्रत्येक मूल शिकू शकतं हे राज्याने मान्य केलं. पुढच्या वर्षी राजधानी वॉशिंग्टनमधल्या ‘मिल्स’ खटल्यात न्यायाधीश जोसेफ वॅडी यांनी सांगितलं की पैसे कमी आहेत ही सबब चालणार नाही. कमतरता असेलच तर तिचा भार फक्त अपंग मुलांवर टाकता येणार नाही.

मग २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी केंद्रीय कायद्यावर सही केली. देशात ८० लाखांहून जास्त अपंग मुलं आहेत, निम्म्याहून अधिकांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि १० लाख मुलं सार्वजनिक शाळांच्या पूर्ण बाहेर आहेत, असं त्या कायद्यातच नोंदवलेलं होतं. सही करताना फोर्ड कुरकुरले की सरकारला झेपेल त्याहून जास्त वचन यात दिलंय. जादा खर्चातला ४० टक्क्यांपर्यंतचा वाटा केंद्र उचलेल, हे त्यातलं वचन आजवर पाळलं गेलेलं नाही. तेवढ्यापुरते फोर्ड बरोबर ठरले म्हणायचे.

दार उघडलं. पण आत आलेल्या मुलांना शिकवायचं काय? शिक्षकांच्या हातात लहान बाळांच्या वाढीचा तक्ता होता. आधी नजर, मग पकड, मग रंग, आकार, मोजणी. मूल सतरा वर्षांचं असेल आणि तक्त्यावर तीन वर्षांच्या पायरीवर असेल, तर त्याला तीन वर्षांच्या मुलाचं सामान द्यायचं. पायरी ओलांडली की पुढची. ओलांडली नाही तर ‘अजून तयारी झालेली नाही’. दार बंद करणारा आकडा आता वर्गात येऊन वेळापत्रक ठरवू लागला.

(आपला ‘मतिमंद’ हा शब्द बघा. मंद म्हणजे हळू. वाट सगळ्यांची एकच, याची चाल तेवढी हळू, ही समजूत शब्दातच बसलेली आहे. शब्द अपमानकारक म्हणून आपण बदलला. समजूत बदलली का, हा वेगळा प्रश्न.)

या तक्त्याला पहिला धक्का एका सायकलच्या ब्रेकने दिला. मार्क गोल्ड या संशोधकाने १९७२ मध्ये दाखवलं की मध्यम आणि तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेली किशोरवयीन मुलं १५ भागांचा आणि नंतर २४ भागांचा ब्रेक जोडू शकतात. काम बारीक टप्प्यांत तोडलं पाहिजे, आणि एक पद्धत जमली नाही तर दुसरी वापरून पाहिली पाहिजे. तक्त्याप्रमाणे ही मुलं ‘तयार’ नव्हती.

दुसरा धक्का मोठा होता. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात विद्यापीठातले प्राध्यापक लू ब्राऊन आणि सरकारी शाळांचे शिक्षक एकत्र काम करत होते. १९७६ मध्ये ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी मांडणीच उलटी केली. मुलाची आजची पायरी बघण्याऐवजी शाळा संपल्यावर तो कुठे असेल ते बघा. कुठे राहील, काय काम करेल, मोकळ्या वेळात काय करेल, गावात कसा वावरेल? तिथे लागणाऱ्या गोष्टींची यादी करा आणि मागे येत येत आजच्या तासापर्यंत या. प्रत्येक धड्याला एक साधा प्रश्न विचारा. हे त्याला आलं नाही, तर दुसऱ्या कुणाला त्याच्यासाठी करावं लागेल का? खुंट्या या प्रश्नावर पहिल्याच फटक्यात बाद होतात. त्याने भोकात खुंटी बसवली नाही म्हणून कुणीही धावत येऊन ती बसवणार नाही.

यादी करायला शिक्षकांना वर्गाबाहेर पडावं लागलं. ते बसस्टॉपवर, किराणा दुकानात, लॉन्ड्रीत जाऊन उभे राहिले आणि साधी माणसं तिथे काय काय करतात ते टिपत बसले. बसचंच घ्या. योग्य थांब्यावर उभं राहायचं, बस ओळखायची, चढायचं, पैसे टाकायचे, जागा शोधायची, खूण दिसली की बेल वाजवायची. नाणी मोजता येत नाहीत? मग घरून नेमकी रक्कम पाकिटात घालून द्या. मोजणी येईपर्यंत प्रवास थांबवायचं कारण नाही.

आणि हे सगळं वर्गात खोटी बस मांडून शिकवायचं नाही, हा ब्राऊन यांचा हट्ट होता. प्लास्टिकच्या नाण्यांवर शिकलेली गोष्ट हा मुलगा खऱ्या दुकानात आपोआप वापरेल असं गृहीत धरायचं नाही. खऱ्या दुकानात नेऊन बघायचं. मला या सगळ्या प्रकरणातली हीच गोष्ट सर्वांत धाडसी वाटते, कारण ती शिक्षकाकडून त्याची खोली काढून घेते. वेळापत्रक, गाडी, मदतनीस, विमा, रस्त्यावर मुलगा हरवला तर जबाबदार कोण, सगळं नव्याने ठरवावं लागतं.

मॅडिसनच्या पथकाने शाळा संपवून गेलेल्या आपल्याच जुन्या विद्यार्थ्यांचा माग काढला, तेव्हा बहुतेक जण फक्त अपंगांसाठीच्या कार्यशाळांत किंवा घरीच बसलेले सापडले. आपल्या कामाचा असा निकाल स्वतःच छापणारे लोक कमी असतात.

पण ज्याला बेलही दाबता येत नाही त्याचं काय? १९८२ मध्ये याच गटाने उत्तर दिलं. पूर्ण काम जमत नसेल तर त्यातला एक भाग तरी त्याचा असू द्या. स्वयंपाक जमणार नाही, पण मिक्सर चालू करणारं मोठं बटण हाताच्या ढकलीने दाबता येईल. हे वाचायला किरकोळ वाटतं. कोर्टात ते किरकोळ नव्हतं. न्यू हॅम्पशायरमधल्या रॉचेस्टर गावातला टिमथी डब्ल्यू. (कोर्टाच्या कागदांत त्याचं एवढंच नाव आहे) याला सेरेब्रल पाल्सी होती, फिट्स येत, दृष्टी जवळजवळ नव्हती. याला शिकवून उपयोग नाही, असं १९८० मध्येच तिथल्या शाळा प्रशासनाने ठरवलं. १९८८ मध्ये खालच्या कोर्टाने ते मान्यही केलं. शिक्षणाचा फायदा होईल हे आधी सिद्ध व्हायला हवं, असं त्याचं म्हणणं. मे १९८९ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. कायद्यात ‘सर्व’ म्हटलंय म्हणजे सर्व, फायद्याची परीक्षा ही प्रवेशाची अट नाही. टिमथी तेव्हा तेरा वर्षांचा होता.

इथपर्यंत गोष्ट सरळ वाटते. मग तिला फाटे फुटतात. सोमवारी सकाळी दहा वाजता किराणा दुकानात सोळा वर्षांचं दुसरं कोण असतं? कुणीच नाही. सगळे शाळेत असतात. मुलाला दुकान आलं, पण मित्र एकही नाही. ब्राऊन यांच्याच गटाने १९८९ मध्ये लिहिलं की या मुलांनी आपल्या भावंडांच्या, शेजाऱ्यांच्या शाळेतच गेलं पाहिजे. दोन वर्षांनी त्यांनीच विचारलं, सर्वसाधारण वर्गात नेमका किती वेळ आणि बाहेर किती? एका आकड्यात मावणारं उत्तर त्यावर नव्हतंच.

दुसरा फाटा जास्त बोचरा आहे. ‘उपयोगी तेवढंच शिकवा’ या नियमाचंही हळूहळू कुंपण झालं. वाचन उपयोगी कधी? तर ‘बाहेर’, ‘धोका’, ‘पुरुष’, ‘स्त्रिया’ या पाट्या ओळखण्यापुरतं. १९९७ मध्ये कायदा बदलून या मुलांनाही सर्वांच्या अभ्यासक्रमाशी जोडायला सांगितलं गेलं, तेव्हा शिकवायचं कसं याचा शोध सुरू झाला. डायेन ब्राउडर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वाचनावरचे १२८ अभ्यास तपासले. बहुतेकांत मुलांना सुटे शब्द नजरेने ओळखायलाच शिकवलं होतं. अक्षर आणि ध्वनीचं नातं, गोष्टीचा अर्थ, याकडे फार थोडे वळले होते. ही मुलं वाचू शकत नाहीत असं आपण म्हणत होतो, पण त्यांना वाचायला शिकवून पाहिलेलंच नव्हतं.

खोल्यांचं काय झालं? २०१५ मध्ये १५ राज्यांतल्या जवळपास ४० हजार विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. सर्वांत तीव्र बौद्धिक अपंगत्वामुळे ज्यांची परीक्षा वेगळी घेतली जाते, असे हे विद्यार्थी. त्यातले ९३ टक्के दिवसाचा मुख्य वेळ वेगळ्या वर्गात, वेगळ्या शाळेत किंवा घरीच होते.