स्थिरवेग सांधा आणि वळणावरील खडखडाट

स्थिरवेग सांधा आणि वळणावरील खडखडाट : सरळ रस्त्यावर निमूटपणे धावणारी मोटारगाडी सुकाणू चक्र पूर्ण फिरवून वळविताना पुढच्या चाकापाशी टक्‌टक् असा तालबद्ध आवाज करू लागते, तेव्हा तो बहुधा चाकास गती पोचविणाऱ्या स्थिरवेग सांध्याचा असतो. ठाणे, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यात या दोषास स्वतःचा इतिहास आहे. कारण मागील चाकांना गती देणाऱ्या गाडीकडून पुढील चाकांना गती देणाऱ्या गाडीकडे भारतीय मोटार उद्योगाचे जे संक्रमण झाले, त्यात येथील एका कारखान्याने अल्पकाळ का होईना भाग घेतला.

एकमेकांशी कोन करणारे दोन दंड जोडण्यासाठी फार पूर्वीपासून फुलीच्या आकाराचा सांधा वापरात आहे. तो सोळाव्या शतकातील कार्दानो किंवा सतराव्या शतकातील रॉबर्ट हुक यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात एक मूलभूत उणीव आहे. चालक दंड एकसमान वेगाने फिरत असला, तरी चालित दंडाचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा घटतो व दोनदा वाढतो. दंडांमधील कोन ३०° असल्यास ही घट सुमारे १३ टक्के, तर वाढ सुमारे १५ टक्के होते. गाडीखालच्या प्रेषक दंडात कोन लहान असतो आणि दोन टोकांचे सांधे योग्य रीतीने बसविले, की एकाची चूक दुसरा भरून काढतो. पण जे चाक वळवायचे त्यालाच गती द्यायची असेल, तर कोन बराच मोठा होतो व चाकास हिसके बसतात. यावर फ्रान्समध्ये ग्रेग्वार व फनाय यांनी १९२६ च्या सुमारास ‘त्राक्ता’ सांधा तयार केला. त्याच दशकात अमेरिकेत फोर्ड कंपनीतील अभियंता आल्फ्रेड झेप्पा यांनी पोलादी गोळ्यांच्या सांध्याचे एकस्व घेतले. आतील व बाहेरील कड्यांवरील खाचांत, एका पिंजऱ्याने धरलेले सहसा सहा गोळे असतात. दंडांमधील कोन कितीही बदलला, तरी हे गोळे त्या कोनास दुभागणाऱ्या प्रतलातच राहतात, म्हणून दोन्ही दंडांचा वेग समान राहतो. ब्रिटनमध्ये १९५९ साली आलेल्या ‘मिनी’ गाडीमुळे हा सांधा सामान्य माणसाच्या गाडीत पोचला.

आपल्याकडे मात्र दीर्घकाळ त्याची गरज भासली नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्यातील कारखान्यात तयार होणाऱ्या फिआट व पुढे ‘प्रीमिअर पद्मिनी’ या गाड्यांत एंजिन पुढे, परंतु गती मागील चाकांना असे. ठाणे-कल्याणकडील कारागिरांच्या एका पिढीचे शिक्षण याच गाड्यांवर झाले. वळताना आवाज आला, तर किंग पिन, तिचा बुश किंवा सुकाणूचे सांधे पाहावयाचे, वंगण भरावयाचे, हा त्यांचा रास्त क्रम होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढील चाकांना गती देणारी रचना देशात मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. प्रीमिअरच्या, कल्याण-शीळ रस्त्यालगत डोंबिवलीजवळ असलेल्या ‘कल्याण कारखान्या’त १९९४ पासून प्यूजो ३०९ ही त्याच रचनेची गाडी तयार होऊ लागली. कामगार तंट्यांत व भागीदारांच्या अडचणींत हा उपक्रम काही वर्षांतच संपला. गाडीचे यांत्रिक गुण पाहता हे अपयश तिच्या पदरी टाकता येत नाही. पण ज्यांनी ती घेतली होती, त्यांच्यावर सुट्या भागांच्या शोधात फिरण्याची वेळ आली, आणि ज्यांनी ती बांधली त्यांच्यावर कामाच्या.

दोषाचे मूळ सहसा सांध्यात नसून त्यावरील रबरी आवरणात असते. कारागीर त्यास ‘बूट’ म्हणतात. जुना झालेला बूट चिरतो, फिरत्या दंडाबरोबर वंगण बाहेर फेकले जाते आणि कोकणच्या पावसाळ्यातील चिखलपाणी आत शिरते. खाचा झिजून गोळ्यांना मोकळीक मिळते. सरळ जाताना गोळे खाचांत फारसे सरकत नाहीत. वळताना प्रत्येक फेऱ्यात मागेपुढे सरकून ते कडांवर आपटतात. म्हणून आवाजाचा ताल चाकाच्या वेगाबरोबर वाढतो. मोकळ्या मैदानात चक्र पूर्ण वळवून, किंचित गती देत आधी एका व मग दुसऱ्या बाजूस गोल फिरवून पाहिल्यास दोष उघड होतो. वळणाच्या बाहेरील बाजूच्या चाकाचा सांधा बहुधा सदोष निघतो. चाकाच्या आतील बाजूस उडालेले वंगण हीही खूण होय. आवाज सुरू होण्यापूर्वी चीर लक्षात आली, तर सांधा धुऊन, नवे वंगण भरून बूट बदलणे पुरते. नंतर मात्र सांधा किंवा संपूर्ण अर्धदंडच बदलावा लागतो. काही ठिकाणी डाव्या-उजव्या बाजूंचे सांधे अदलून आवाज काही काळ दाबला जातो; ती दुरुस्ती नव्हे. दुर्लक्षिलेला सांधा अखेर तुटतो आणि एंजिन चालू असूनही गाडी जागची हलत नाही.

याहून भिन्न व अधिक घातक आवाजाची गल्लत येथे टाळली पाहिजे. उभ्या गाडीचे चक्र फिरविताना किंवा खड्ड्यात चाक जाताच एकच ‘ठक्’ आवाज होत असेल, तर निलंबनाच्या दांड्याचे वरचे धारवे, समतोल दांड्याची जोडणी, सुकाणू दांड्याचे टोक किंवा खालचा गोलसांधा संशयित ठरतो. गोलसांधा निसटल्यास चाक आडवे पडते व गाडीवरील ताबा सुटतो. त्यामुळे चाक जॅकवर उचलून, ते वर-खाली व आडवे हलवून ढिलेपणा तपासावा. गाडी भक्कम आधारावर टेकविल्याखेरीज मात्र तिच्याखाली शिरू नये. वेगाबरोबर चढणारी अखंड घरघर चाकाच्या धारव्याची असते.

मुंबईतील पद्मिनी टॅक्सींचे आयुष्य ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले. बहुतेक विद्युत् मोटारगाड्यांत मात्र एंजिन गेले, तरी अर्धदंड व त्यांवरील स्थिरवेग सांधे कायम आहेत. एंजिनाचा आवाज नसल्याने त्यांची टक्‌टक् तेवढी लवकर कानी येते. (⟶ मोटारगाडी)