डेटाबेस सर्व्हरांची स्वयंचलित पर्यायव्यवस्था

एकाच डेटाबेसच्या प्रती अनेक सर्व्हरांवर ठेवून, प्रमुख सर्व्हर बंद पडताच त्याचे काम मानवी हस्तक्षेपावाचून दुसऱ्या सर्व्हरकडे सोपविणारी व्यवस्था. प्रती ठेवण्यापेक्षा प्रमुख सर्व्हर खरोखरच बंद पडला आहे किंवा कसे, हे ठरविणे अधिक कठीण असते.

अमेरिकेतील टँडम कंपनीने १९७६ मध्ये आणलेल्या ‘नॉनस्टॉप’ संगणकात प्रत्येक प्रोसेसर ठराविक अवधीने आपण चालू असल्याचा संदेश इतरांना पाठवीत असे. संदेश थांबला की तो निकामी झाला असे मानून त्याचे काम दुसरा प्रोसेसर हाती घेई. सर्व प्रोसेसर दुहेरी मार्गांनी जोडलेले असल्याने हे अनुमान बहुधा खरे ठरे. दूरवर पसरलेल्या नेटवर्कमध्ये मात्र बंद पडलेला, मंदावलेला आणि केवळ संपर्क तुटलेला सर्व्हर बाहेरून सारखेच भासतात. संदेशाच्या विलंबाला मर्यादा नसल्यास, एक घटक जरी बंद पडण्याचा संभव असला तरी एकमताची हमी देणारी निर्धारक पद्धती असू शकत नाही, हे फिशर, लिंच व पॅटरसन यांनी १९८५ मध्ये सिद्ध केले. व्यवहारात म्हणून कालमर्यादा व बहुमत यांचा आधार घेतला जातो. लेस्ली लॅम्पोर्ट यांची ‘पॅक्सॉस’ (प्रसिद्धी १९९८) व तीहून सुबोध ‘राफ्ट’ (२०१४) या बहुमताच्या प्रमुख पद्धती होत.

या उपायांच्या मर्यादा गिटहब या आज्ञावली-संग्रह सेवेच्या अनुभवावरून स्पष्ट होतात. सप्टेंबर २०१२ मध्ये तेथील प्रमुख सर्व्हर केवळ कामाच्या ताणामुळे तपासणीत अनुत्तीर्ण ठरला व पर्यायी सर्व्हर पुढे आला. परंतु त्याची स्मृती रिकामी असल्याने तोही त्याच तपासणीत टिकला नाही. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्राचा संपर्क अवघी ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात ‘ऑर्केस्ट्रेटर’ या देखरेख-आज्ञावलीने राफ्टच्या नियमानुसार बहुमत जमवून प्रमुखपद पश्चिम किनाऱ्यावरील सर्व्हरांना दिले. बहुमत निर्दोष होते. पण पूर्वेकडील अखेरच्या काही सेकंदांच्या नोंदी पश्चिमेस पोहोचल्याच नव्हत्या, आणि त्या मागे राहतील याचा विचार मतदानात अंतर्भूत नव्हता. सर्वाधिक व्यस्त सर्व्हर-समूहांपैकी एकातच अशा ९५४ नोंदी आढळल्या. दरम्यान पश्चिमेस सुमारे ४० मिनिटांच्या नव्या नोंदी झाल्याने सरळ मागे फिरणेही शक्य नव्हते. सेवेपेक्षा नोंदींच्या अखंडतेस प्राधान्य देण्यात आल्यामुळे, आणि ते योग्यच होते, सेवा २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली. त्यानंतर ऑर्केस्ट्रेटरची मांडणी बदलून, एका विभागाकडून दुसऱ्या विभागाकडे प्रमुखपद आपोआप जाणार नाही असा निर्बंध घालण्याचे गिटहबने ठरविले.