परळी गर्भलिंगनिदान प्रकरण
वैद्यकीय व्यावसायिकास स्त्रीविषयक अपराधाबद्दल फौजदारी जबाब देण्यास भाग पाडणारा महाराष्ट्रातील एक प्रमुख खटला. बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथे मे 2012 मध्ये, एका खाजगी रुग्णालयात अवैध गर्भपाताच्या वेळी विवाहितेचा मृत्यू झाला, आणि ज्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे अवघ्या 807 मुली होत्या, तेथील गर्भलिंगनिदानाच्या व्यवसायाचे स्वरूप उघड झाले. फरारी झालेले त्या रुग्णालयाचे डॉक्टर दांपत्य कालांतराने शरण आले. 2019 मध्ये सत्र न्यायालयाने त्यांस व मयत स्त्रीच्या पतीस प्रत्येकी दहा वर्षांची सक्तमजुरी फर्मावली.

गर्भलिंगनिदानास बंदी घालणाऱ्या 1994 च्या केंद्रीय अधिनियमान्वये सोनोग्राफीच्या दप्तरातील त्रुटीदेखील, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, कायदेभंग मानली जाते, आणि प्रथम दोषसिद्धीनंतर वैद्यक परिषदेच्या नोंदवहीतून डॉक्टरचे नाव पाच वर्षांसाठी वगळले जाते. गर्भवतीस मात्र पतीने वा आप्तांनी भाग पाडले असे गृहीत धरले जाते, हे या कायद्याचे सर्वांत शहाणे कलम होय. तथापि परळी प्रकरणातील डॉक्टर दांपत्यापैकी पती 2020 मध्ये पुन्हा बेकायदा वैद्यकी करताना पकडला गेला.