कुंपणाआतला मार

घरात बायकोवर हात का उचलला जातो, असे विचारले की उत्तर तयार असते. दारू, गरिबी, अडाणीपणा. समाजशास्त्रातही या उत्तराला आधार देणारे सिद्धांत आहेत. रॉबर्ट मर्टन यांनी 1938 साली मांडले की समाजाने दाखवलेली स्वप्ने आणि हाती असलेली साधने यांचा मेळ बसला नाही की माणूस वाकड्या वाटेने जातो. वुल्फगँग आणि फेराकुटी यांनी 1967 साली पुढे जाऊन म्हटले की काही गटांत मारामारी ही जगण्याची रीतच होऊन बसते. दोन्ही विचार गुन्हेगारीच्या अभ्यासातून आलेले आहेत आणि दोन्ही ओढून-ताणून कुटुंबाला लावले गेले. नागपुरात त्यांचे भाषांतर सरळ वस्त्यांच्या नावांत होते. गिरणी कामगारांच्या चाळींकडे, झोपडपट्ट्यांकडे बोट दाखवायचे आणि आपल्याकडे असले काही नसते म्हणून मोकळे व्हायचे. या सिद्धांतांची परीक्षा घ्यायची तर ती चाळीत घेऊन उपयोग नाही. ती याच शहरातल्या धंतोलीसारख्या वस्तीत घ्यायला हवी, जिथे तंगी नव्हती, शिक्षण होते, प्रतिष्ठा होती आणि कायदा जाणणारी माणसे तर घरटी होती.

धंतोली हे राजधानीचे अपत्य आहे. 1861 साली नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले, 1903 साली वऱ्हाड त्याला जोडले गेले, 1923 मध्ये विद्यापीठ आले, 1936 मध्ये उच्च न्यायालय. या कारभाराबरोबर वकील, प्राध्यापक, डॉक्टर, सरकारी अधिकारी यांचा एक वर्ग उभा राहिला. महाल-इतवारीच्या दाट वस्तीतून निघून सीताबर्डीच्या दक्षिणेला मोकळ्या जागेवर या वर्गाने घरे बांधली. 1928 साली रामकृष्ण मठ आला, पुढे देवी अहिल्या मंदिर, टिळक पत्रकार भवन, यशवंत स्टेडियम, आणि आता तर रस्तोरस्ती इस्पितळे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो घराचा बदललेला आराखडा. जुन्या वस्तीतल्या वाड्यात चौक सामाईक, विहीर सामाईक, भिंतीला भिंत लागलेली. वरच्या माळ्यावर कोणी रडले तर खालच्या ओसरीवर कळणारच. धंतोलीतल्या घराला पुढे बाग, चहूबाजूंनी कुंपण, फाटकाला कडी. शेजाऱ्याने यायचे ते कडी वाजवून, आणि वाजवून आलेल्यासमोर घर नेहमीच नीटनेटके असते. बार्बरा लास्लेट यांनी 1973 साली अमेरिकी कुटुंबाबद्दल दाखवून दिले होते की घराचे खासगीपण ही मुळातली गोष्ट नव्हे, ती इतिहासात घडत गेली. आपल्याकडे ती कशी घडली, हे पाहायला धंतोलीचे नकाशे पुरेत.

या खासगीपणाचा मारहाणीशी संबंध काय, याचे सर्वांत रोखठोक उत्तर रिचर्ड गेलेस यांनी दिले. 1974 च्या आपल्या पुस्तकासाठी त्यांनी ऐंशी कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या आणि पुढे 1983 साली सिद्धांत मांडला तो असा की, घरातली माणसे एकमेकांना मारतात कारण त्यांना मारता येते. मारण्याची किंमत मोजावी लागत नाही तिथे मार पडतो. ऑफिसात साहेबावर कितीही राग असला तरी हात उचलला जात नाही, कारण नोकरी जाईल. रस्त्यावर हवालदारावर उचलला जात नाही, कारण कोठडी दिसते. घरात मात्र नोकरीही जात नाही आणि कोठडीही दिसत नाही. दारूच्या बचावाचा निकालही याच कसोटीवर लागतो. ज्यांचे नवरे वरचेवर झिंगतात त्या बायकांना ठळकपणे जास्त मार बसतो, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून वारंवार दिसले आहे, आणि ते नाकारायचे कारण नाही. पण झिंगलेल्या माणसालाही कोणाला मारायचे हे नेमके कळते. गुत्त्यावरच्या धिप्पाड सोबत्याला न मारता तो घरी पोहोचेपर्यंत दम धरतो. म्हणजे दारूने तोल जातो असे म्हणावे तर तो फारच हिशेबाने जातो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. वाड्यात सगळ्यांना ऐकू येत होते, तर मग वाड्यातल्या बायका सुखात होत्या काय? मुळीच नाही. याच विदर्भातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. त्याला निमित्त झाला सुरतेच्या एका विधवेवरचा खटला, पण ताराबाईंचा संताप भरल्या घरातल्या, खाऊनपिऊन सुखी आणि धर्मकर्म सांभाळणाऱ्या पुरुषांवर होता. घरात दहा माणसे असणे म्हणजे दहा रक्षक असणे नव्हे. डेनिझ कांडियोटी यांनी 1988 साली याचे मर्म सांगितले: पितृसत्तेत तरुण सुनेने सोसायचे ते एका आशेवर, की उद्या आपणही सासू होऊ आणि सत्ता आपल्या हाती येईल. त्यामुळे वाड्यातली सर्वांत जागरूक श्रोती, म्हणजे सासू, ही बहुधा मारणाऱ्याच्याच बाजूची. ‘काहीतरी केले असेल तिने’ हा निवाडा ओसरीवर बसूनच व्हायचा. 2019-21 च्या पाहणीतसुद्धा देशातल्या सुमारे 45 टक्के बायकांनी आणि जवळपास तेवढ्याच पुरुषांनी एखाद्या तरी कारणासाठी नवऱ्याने मारणे रास्त ठरवले आहे. तेव्हा गेलेसच्या सिद्धांतात आपल्यापुरती दुरुस्ती करावी लागते. ऐकणारे कान असून भागत नाही, ते कान कोणाच्या बाजूचे आहेत यावर किंमत ठरते. वाड्याने कान दिले, पण ते सासरचे. बंगल्याने तेही काढून घेतले. आणि दोन्हीकडे एक प्रश्न तसाच राहिला: ही बाई उंबरठ्याबाहेर पडली तर जाईल कुठे?

इतिहास या प्रश्नाचे जे उत्तर देतो, ते गरिबीच्या सिद्धांताला पार उलटे टांगणारे आहे. जुलै 1942 मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, आणि हजारो बायका जमल्या होत्या. त्यांनी केलेल्या ठरावांत स्त्रीला घटस्फोटाचा हक्क हवा ही मागणी होती, पुरुषाच्या अनेक लग्नांचा निषेध होता, आणि गिरण्या-विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायकांसाठी रजेच्या नि भरपाईच्या मागण्याही होत्या. डॉ. आंबेडकरांनी त्यांना सांगितले की बायकोने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, गुलाम म्हणून नव्हे. ज्या शहरात 1877 पासून एम्प्रेस मिलचा भोंगा वाजत होता, तिथे मजुरी कमावणाऱ्या बायकांना नवरा सोडण्याचा हक्क भर मंडपात मागता आला, यात आश्चर्य नाही. शिवाय त्यांच्यापैकी अनेक जातींत काडीमोड आणि पाट यांची रूढी होतीच. ठरावाने ती हक्काच्या भाषेत आणली. याउलट प्रतिष्ठित घरांत लग्न हा न तुटणारा संस्कार. 1947 साली मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, पण नागपूर तेव्हा दुसऱ्या प्रांताची राजधानी होते, तो इथे लागू नव्हता. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट आला, तरी निव्वळ क्रूरतेच्या कारणाने मिळत होता तो फक्त न्यायिक विभक्तपणा. छळ हे घटस्फोटाचे कारण ठरायला 1976 उजाडले. चौतीस वर्षांपूर्वी श्रमिक बायकांनी मंडपात मागितलेली गोष्ट बंगल्यातल्या बाईच्या हाती या वाटेने, अशी तुकड्यातुकड्यांनी आली.

लग्नाच्या आत बाईला काय सोसावे लागते, हे सुशिक्षित वर्गाला कळत नव्हते असे नाही. ब्रिटिश अमलातल्या या विषयावरच्या मोठ्या चौकशीचे अध्यक्ष आपल्याच भागातले होते: अमरावतीचे वकील आणि मध्य प्रांत सरकारातले माजी गृहसदस्य सर मोरोपंत जोशी. 1928-29 मध्ये त्यांच्या संमतिवय समितीने देशभर फिरून शेकडो साक्षी घेतल्या. डॉक्टर आले, सुइणी आल्या, शास्त्री आले. कोवळ्या मुलींना लग्नाच्या बिछान्यावर काय सोसावे लागते, ते छापील अहवालात नोंदले गेले. त्यातूनच 1929 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा पुढे सरकला. पण समितीने एक पायरी जपली: अल्पवयीन बायकोवर नवऱ्याने जबरदस्ती केली तर तो गुन्हा धरावा, मात्र परक्याने केलेल्या गुन्ह्याहून निराळा आणि हलका. पुरावा समोर असूनही कुंपणाआतली किंमत कमीच ठेवायची, हे वकिली विवेकाचे नमुनेदार काम आहे. समिती प्रतिगामी नव्हती, आपल्या काळाच्या पुढेच होती. म्हणूनच तिची ही तडजोड अधिक बोलकी आहे. प्रौढ पत्नीवर नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीला बलात्कार न मानणारा अपवाद तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे.

संमतिवय समितीच्याच दशकात ‘जाईल कुठे’ या प्रश्नाला हात घालणारे काम धंतोलीच्या शेजारी, सीताबर्डीत झाले. 1921 साली कमलाबाई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघ काढला. वरवर पाहता ते बाळंतपणाचे काम. कमलाबाई स्वतः बालविधवा, शिकून परिचारिका झालेल्या. निराधार बायकांना हे काम शिकवून स्वतःच्या पायावर उभे करणे, म्हणजेच त्यांना घराबाहेर एक पत्ता आणि महिन्याची कमाई देणे. कौटुंबिक हिंसेच्या इतिहासात या संस्थेचे नाव सहसा घेतले जात नाही. माझ्या मते ते संमतिवयाच्या अहवालाच्या बरोबरीने घ्यायला हवे.

आता दुसरा आक्षेप. पाहण्यांचे आकडे सरळ सांगतात की शिक्षण आणि संपत्ती वाढली की मारहाण घटते. मग धंतोलीचे एवढे कशाला? आकडे खरे आहेत. देशात 18 ते 49 वयाच्या विवाहितांपैकी 29.3 टक्के, महाराष्ट्रात साधारण 25 टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले, आणि वरच्या आर्थिक गटांत प्रमाण उतरत जाते. पण उतरते याचा अर्थ काय, हे विल्यम गुड यांनी 1971 मध्येच सांगून ठेवले होते. बळ हे इतर साधनांसारखेच एक साधन आहे. ज्याच्या हाती पैसा, मान आणि ओळखी आहेत त्याला हात उगारावा लागत नाही, धाक पुरतो. बँकेचे पासबुक कपाटात कुलूपबंद, मुलांच्या ताब्याची धमकी, माहेरी फोन करायला मनाई. पाहणीतली मारण्याची मोजणी याला पकडत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने मात्र भावनिक आणि आर्थिक छळाला हिंसेतच धरले. आणि घराची श्रीमंती म्हणजे बाईची श्रीमंती नव्हे. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेला तिरुवनंतपुरम जिल्ह्याचा अभ्यास इथे निर्णायक आहे. ज्यांच्या नावावर ना जमीन ना घर, अशा बायकांपैकी 49 टक्क्यांनी शारीरिक हिंसा सोसली होती. दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण होते 7 टक्के. सातबारा किंवा आखीव पत्रिका कोणाच्या नावाची, हा प्रश्न नवऱ्याच्या पगारापेक्षा मोठा ठरतो.

बंगल्याच्या वस्तीत त्याचे उत्तर बहुधा सासऱ्याचे नाव असे असते, आणि यातूनच एक विचित्र प्रकरण घडले. 2005 च्या कायद्याने बायकोला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला. 2006 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अर्थ लावला की घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असेल तर सुनेचा तिथे हक्क नाही. झाले, जिथे घर बापाच्या नावावर तिथे कायद्यातली हवाच गेली. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला जे मिळे ते प्रशस्त बंगल्यातल्या बाईला नाही, अशी चौदा वर्षे गेली. ऑक्टोबर 2020 मध्ये न्यायालयाने तो अर्थ चुकीचा ठरवला. बायकोच्या छळाबद्दल भारतीय दंड संहितेत 2024 पर्यंत असलेल्या 498 अ कलमाच्या गैरवापराची ज्यांना काळजी वाटते, त्यांच्या म्हणण्यात तथ्य असेल तिथे 2014 च्या अटकेविषयीच्या निर्देशांनी तोड काढली आहे. पण फौजदारी कलमावर एवढा भार का पडला, हेही विचारायला हवे. राहायला घर आणि खायला पोटगी मिळण्याची वाट बंद असली की माणूस उघड्या असलेल्या एकाच दाराला धडका देतो.

बायकाही मारतातच की, हा आक्षेप मरे स्ट्राउस यांच्या घरगुती मारहाण मोजणाऱ्या मोजपट्टीतून आला. थप्पड मोजली तर दोन्ही बाजूंना जवळपास सारखी निघे. 1995 साली मायकेल जॉन्सन यांनी त्यातला गुंता सोडवला: भांडणात भडकलेला हात वेगळा आणि दुसऱ्याचे सगळे आयुष्य मुठीत ठेवण्यासाठी चालवलेला मार वेगळा. किमतीचा सिद्धांत दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलतो. तो सासूलाही लागू पडतो आणि म्हाताऱ्या आईबापांना उपाशी ठेवणाऱ्या मुलालाही.

हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम 14 टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितल्याचे 2019-21 ची पाहणी सांगते. नागपुरात प्रा. सीमा साखरे यांनी स्त्री अत्याचार विरोधी परिषद उभी केली, 2017 पासून पोलिसांचा भरोसा सेल आहे. पण तिथवर बाई पोहोचली तर. 2005 च्या कायद्याचे चौथे कलम याचसाठी वाचण्यासारखे आहे. हिंसा घडली आहे किंवा घडेल असे वाटण्यास कारण असेल तर कोणीही, अगदी शेजारीसुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. सद्हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कसलीही जबाबदारी येत नाही. पलीकडच्या कुंपणातून आवाज आला तर ‘घरगुती मामला’ म्हणून खिडकी लावू नका. 112 किंवा महिला हेल्पलाइन 181 हे क्रमांक त्यासाठीच आहेत.